दिवसातून किती वेळा?

मार्चमधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही. नॉर्वेच्या उत्तरेतल्या ट्रोम्सोहून निघून आम्ही फिनमार्कच्या पठारावर गेलो होतो, काउतोकेइनोच्याही पुढे, बाहेर उणे बावीस आणि मी बर्फात गुडघे टेकून रेनडिअरच्या एका वासराचं डोकं मांडीवर घट्ट धरून बसले होते. दहा महिन्यांचं असेल नसेल. डाव्या डोळ्याखालचे केस ओले होऊन, चिकटून, मग गोठून एक तपकिरी ओघळ झाला होता आणि डोळ्याच्या बुबुळावर निळसर पांढरा पडदा, आदल्या रात्रीच्या दुधावर धरतो तशी साय, आणि त्या सायीच्या मधोमध एक खळगा. मी जखम दाखवणाऱ्या रंगाची नारिंगी पट्टी सलाईनमध्ये भिजवून पापणीच्या आत हलकेच टेकवली, निळा टॉर्च मारला आणि तो खळगा हिरवागार चमकला. म्हणजे जखम खोल होती. कळपाची मालकीण, सत्तरीच्या आसपासच्या एक सामी आजी (सामी म्हणजे इथले मूळचे, रेनडिअर पाळणारे लोक), माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. माझ्यासोबतच्या पशुवैद्याने त्यांना सांगितलं की हा विषाणू आहे, ट्युबमधल्या जिवाणूंवरच्या मलमाने मरणार नाही, पण याच्यावरची औषधं आम्ही आता लॅबमध्ये तपासतोय. आजींनी मान हलवली आणि मला विचारलं, "दिवसातून किती वेळा घालायचं?" नॉर्वेजियनमध्ये सगळ्यांना एकच 'तू' असतो, पण माझ्या डोक्यात त्यांच्यासाठी 'तुम्ही'च येतं, आणि त्या 'तुम्ही'ला मी पट्कन, कसलाही विचार न करता उत्तर दिलं. म्हणलं, माणसाला पाच वेळा घालतात.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कळपाकडे बघितलं.

पाच वेळा म्हणजे काय हे मला त्यांनी शब्दाने सांगितलं नाही, पण त्याच्या आधीचा पाऊण तास मी डोळ्यांनी बघितला होता. आमच्याकडे धनगर मेंढरांभोवती वाघर लावतात तसं इथे जाळीचं आणि कापडाचं मोठं गोल कुंपण असतं. त्यात शिरलं की तीनेकशे जनावरं एकदम एकाच दिशेला गोल पळायला लागतात, आणि पळताना आवाज येतो तो खुरांचा नाही, तो त्यांच्या घोट्यातल्या शिरांचा, कट कट कट कट, जणू कुणी शेकडो बोटं मोडतंय. वाफेचा ढग होतो, त्यात शिंगं दिसतात, मग परत ढग. आजींचा पुतण्या फासाचा दोर हातात घेऊन मधे उभा, तो हवं ते वासरू शोधणार, फेकणार, तिनदा चुकणार, चौथ्यांदा लागणार, मग ते वासरू दोर ओढत नेणार, दोघं त्याच्यावर पडणार. माझ्या मांडीवर आलं तेव्हा त्याचं काळीज माझ्या हातमोज्यातून सुद्धा कळत होतं, इतकं धडधडत होतं. जीभ बाहेर आली होती. हे एका जनावराचं एकदा. याचं पाच वेळा, आणि असं रोज, आणि किमान दोन आठवडे, आणि आजारी वासरं एक नाही अठरा.

आणि यातली सगळ्यात अवघड गाठ अशी की पकडणं हेच या आजाराचं खतपाणी आहे. हा हर्पिस जातीचा विषाणू, सर्विड हर्पिसव्हायरस २ म्हणतात, माणसाच्या ओठावर ताप उतरला की पुरळ येतं ना, त्याच घराण्यातला, आणि आपल्या गाईम्हशींना होणाऱ्या आयबीआर या श्वासाच्या आजाराच्या विषाणूचा तर अगदी जवळचा भाऊ. एकदा अंगात शिरला की जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन गप पडून राहतो, वर्षानुवर्षं, जनावर ठणठणीत दिसतं. मग कधीतरी जनावर दमतं, घाबरतं, उपाशी पडतं, की हा उठतो आणि त्याच तंतूवरून खाली डोळ्यापर्यंत चालत येतो. स्वीडनमधल्या एका पशुवैद्याने १९१२ सालीच रेनडिअरच्या या साथीच्या डोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय, पण पुढे कितीतरी वर्षं सगळा दोष जिवाणूंवर जात राहिला कारण पू झालेल्या डोळ्यात ते सापडायचेच. २००९ साली ट्रोम्सोच्या मॉर्टन ट्रिलॅंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साथीत हा हर्पिस मुख्य गुन्हेगार म्हणून पुढे आणला, आणि २०१७ साली प्रयोगाने दाखवलं की नुसता हा विषाणू डोळ्यात घातला तर आजार होतो, संशयित जिवाणू नुसता घातला तर होत नाही. म्हणजे शंभर वर्षं पाहुण्याला चोर समजून मारत होते आणि चोर घरातच झोपला होता.

पूर्वी हे कमी व्हायचं असं सगळे जुने लोक सांगतात, आणि मला ते पटतं. पूर्वी रेनडिअर पठारावर पसरलेला असायचा, बर्फ खुराने उकरून खालचं लायकेन, आपल्या दगडफुलाच्या जातीचं, खायचा. आता हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो. पाऊस पडतो, मग गोठतो, आणि जमिनीवर काचेचा थर बसतो, खाली चारा दिसतोय पण तोंडाला लागत नाही. मग माणसं काय करणार, उपाशी मरू देणार? कुंपणात आणतात, गवताचे गठ्ठे आणि पेंडीच्या गोळ्या टाकतात. मग तीनशे तोंडं एका गव्हाणीवर, डोळ्याला डोळा, श्वासाला श्वास. जीव वाचवायला जवळ आणलं आणि जवळ आणल्यामुळे डोळे गेले. आजी हे बोलताना रागावलेल्या नव्हत्या, त्या फक्त हातातल्या गवताच्या काड्या मोडत होत्या.

मला त्या वासराचा डोळा बघून सर्जा आठवला. आमच्या आजोबांचा बैल, फलटणच्या पुढे आमचं गाव, तिथला. सर्जाच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. आता नेत्रपटल, अल्सर, सूज असं सगळं मला येतं, पण तो पांढरा ठिपका बघितला की माझ्या मनात पहिल्यांदा 'फूल'च येतं, आणि मला कायम वाटतं की इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं असेल. आजोबा सकाळी खडेमीठ तोंडात धरायचे, चावायचे, सर्जाची वेसण धरून त्याच्या डोळ्यावर जोरात फुंकर मारायचे. सर्जा मान झटकायचा, डोळ्यातून धार लागायची. आज मला माहितीये की त्याने उलट इजा होते, पण तेव्हा मी पाच वर्षांची, वैरणीवर बसून बघायचे आणि मला ते देवपूजेसारखं वाटायचं. महत्त्वाचं हे की सर्जा उभा राहायचा. आजोबांनी नुसता गळ्याखाली हात घातला की उभा. त्याला दिवसातून दहा वेळा औषध घालता आलं असतं. औषधच नव्हतं. इथे आता बहुतेक औषध असेल, पण गळ्याखाली हात घालून घेणारं जनावरच नाही.

दुसरा डोळा आमच्या दादांचा. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मी बारावीत होते, त्यांचा डोळा लाल झाला, आम्हाला वाटलं डोळे आले, आई म्हणली कुणी त्यांच्या डोळ्यात बघू नका, आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरूनच थेंबाची बाटली दिली. दोन दिवस बरं वाटलं. मग इतकं दुखायला लागलं की ते भर दुपारी गोधडी डोक्यावरून घेऊन बसायचे. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं, आणि हर्पिसच्या डोळ्यात स्टेरॉइड म्हणजे पेटलेल्या गंजीवर रॉकेल. मिरजेला नेलं. तिथे डॉक्टरांनी अशीच नारिंगी पट्टी लावली, निळा दिवा लावला आणि मला बोलावून दाखवलं, बघ, म्हणले, झाड दिसतंय का. खरंच दिसत होतं, दादांच्या बुबुळावर हिरवं, बारीक फांद्यांचं, पानं गळलेलं झाड. त्या झाडामुळे मी पुढे सूक्ष्मजीवशास्त्राला गेले असं मी लोकांना सांगते आणि ते खोटं नाहीये.

मग असायक्लोव्हिरचं मलम, दिवसातून पाच वेळा. आईने देवघराच्या भिंतीवर कॅलेंडरमागे कागद चिकटवला होता, सहा, दहा, दोन, सहा, दहा. शेतात गेली तरी दोनला परत यायची. दादा खाटेवर मान वर करून बसायचे, ती खालची पापणी ओढून मलमाची बारीक रेघ सोडायची आणि म्हणायची, मिटा आता, चोळू नका. डोळ्यात तेल घालून जपणं म्हणतात ते मी अक्षरशः बघितलंय, फक्त तेलाऐवजी मलम होतं. तरी उजव्या डोळ्याची नजर पूर्ण आली नाही, धुकट राहिली. आणि तो परत उठला. ज्या वर्षी ऊस वाळला तेव्हा उठला, आणि मी नॉर्वेला निघाले त्याच्या पुढच्याच महिन्यात उठला. त्यांनी सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही दोन महिन्यांनी. मला विषाणू माहितीये, ताण आला की तो उठतो हे मी लोकांना समजावून सांगते, ते माझं कामच आहे, आणि त्या दिवशी ते वाक्य मला लॅबमध्ये कुणाशी बोलता येईना.

काम काय करते ते सांगते. प्लास्टिकच्या ताटलीत सहा किंवा चोवीस वाट्या असतात, त्यात गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा एकच थर वाढवायचा, गुलाबी पाण्यात. या पेशी कित्येक दशकं जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत आणि रेनडिअरचा हा विषाणू त्यांच्यावर छान धरतो. थर तयार झाला की विषाणू टाकायचा, तास दीड तास थांबायचं, मग औषध, प्रत्येक ओळीत वेगळ्या मात्रेचं, आणि वरून एक घट्टसर थर ओतायचा म्हणजे विषाणू वाहून न जाता शेजारच्या पेशीतच जाईल. सदतीस अंशावर दोन तीन दिवस. मग जांभळा रंग ओतायचा. जिवंत थर जांभळा होतो आणि जिथे विषाणूने पेशी खाल्ल्या तिथे गोल पांढरी भोकं राहतात, उजेडासमोर धरली की वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाच्या पानासारखी. ती भोकं मोजायची. मी पेनाने ताटलीच्या पाठीवर ठिपके देत मोजते, म्हणजे एक दोनदा मोजलं जात नाही. औषध नसलेल्या वाटीत इतकी, आणि औषध असलेल्या वाटीत त्याच्या निम्मी, तर ती मात्रा लिहून ठेवायची. मग तेच औषध विषाणू नसलेल्या पेशींवर, नुसतं, आणि किती मात्रेला पेशीच मरतात ते बघायचं. या दोन आकड्यांच्या मधे जितकी जागा तितकं औषध चांगलं. ती जागा जिथे नाही तिथे सगळ्या वाट्या एकसारख्या स्वच्छ दिसतात, एकही भोक नाही, आणि क्षणभर हुरूप येतो, आणि मग कळतं की थरच निघून गेलाय, जांभळं काही उरलेलंच नाही.

असायक्लोव्हिर ज्यांच्या कामातून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कॅन्सरने गेले म्हणून त्या रसायनशास्त्राला गेल्या, आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या औषधाची खुबी अशी की ते पेशीत जाताना मुकं असतं, त्याला जागं करतो विषाणूचाच एक एन्झाइम. म्हणजे चोर स्वतःच्या हाताने स्वतःच्या खोलीला कडी लावतो. पण सगळे हर्पिस सारखे नसतात. मांजराच्या हर्पिसचा तो एन्झाइम या कामात कच्चा आहे, त्यामुळे माणसाला गुण देणारं मलम मांजराला धड गुण देत नाही, आणि गाईच्या विषाणूवरही ते फिकंच पडतं. म्हणून मग रेनडिअरसाठी दुसऱ्या जातीच्या औषधांकडे बघावं लागतं. सिडोफोव्हिर हे त्यातलं मोठं नाव, प्रागच्या अंतोनीन होली यांच्या लॅबमधून आलेलं, बेल्जियमच्या एरिक द क्लेर्क यांनी तपासलेलं. त्याला विषाणूच्या एन्झाइमची गरज नाही, आणि दुसरी गोष्ट, जी मी शंभर वेळा वाचली होती पण त्या मार्चपर्यंत कधी कानात शिरली नव्हती, ते एकदा पेशीत गेलं की लवकर बाहेर पडत नाही. १९९६ साली अमेरिकेत ते एड्सच्या पेशंटच्या डोळ्यांसाठीच मंजूर झालं, आतल्या पडद्याच्या विषाणूसाठी, आणि ते शिरेतून आठवड्यातून एकदा देतात, नंतर पंधरा दिवसांतून एकदा. मूत्रपिंडाला वाईट आहे. थेंब करून जास्त दिवस घातले तर अश्रूंची बारीक वाट आकसते असंही दिसलंय. मांजरांना कमी तीव्रतेचे थेंब दिवसातून दोनदा घालतात.

दोनदा. पाच नाही.

ट्रोम्सोला परत येताना गाडीत मी गप्प होते, सहकाऱ्याला वाटलं दमले. मी डोक्यात वेगळंच मोजत होते. आम्ही औषधं निवडली होती ती विषाणू मारतं का बघून, पेशी वाचतात का बघून, बाटली किती दिवस टिकते ते बघून. आजींचा प्रश्न आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. त्यांचा दुसरा प्रश्नही नव्हता, तो त्यांनी चहा ओतताना विचारला, मांसाचं काय? हे खाण्याचं जनावर आहे, आणि खाण्याच्या जनावराला तेच औषध देता येतं ज्याचा अंश मांसात किती चालतो हे ठरलेलं असतं, या औषधांचं ते ठरलेलंच नाही. म्हणजे डोळा वाचला तरी ते जनावर विकता यायचं नाही. शरदात कापणी झाली की वर्षाचा हिशोब लागतो या लोकांचा, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं.

आणि एक गोष्ट आहे ती कुणी विचारत नाही पण मला रात्री छळते. औषध लागू पडतं हे सिद्ध करायचं तर काही जनावरांना औषध द्यायचं आणि काहींना नुसतं सलाईन. आणि साथीची वाट बघत बसायचं नसेल तर निरोगी वासराच्या चांगल्या डोळ्यात आपल्या हाताने विषाणू सोडायचा. त्याला कडक परवानगी लागते, जनावरं मोजून घेतात, वेदनाशामक देतात, डोळा एका मर्यादेपलीकडे बिघडू देत नाहीत, हे सगळं मी मान्य करते आणि त्याशिवाय पुढे जाता येत नाही हेही मला पटतं. पण रेनडिअरचा डोळा काय असतो हे एकदा कळल्यावर ते सोपं राहत नाही. उन्हाळ्यात त्याच्या डोळ्याचा मागचा पडदा सोनेरी असतो, मांजराचा चमकतो तसा, आणि हिवाळ्यात तोच पडदा गडद निळा होतो, म्हणजे काळोखात डोळ्यात आलेला उजेडाचा कणन्कण वाया जाऊ नये. हे ट्रोम्सो आणि लंडनच्या लोकांनी मिळून २०१३ साली छापलं. त्याला अतिनील उजेडही दिसतो, आपल्याला जो नुसता पांढरा बर्फ दिसतो त्याच्यावर त्याला लायकेन काळं दिसतं, लांडग्याचे केस काळे दिसतात. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. दुपारी बाराला आकाश शाईच्या निळ्या रंगाचं होतं आणि तासा दोन तासांत मिटतं, आणि मला त्या निळ्यात समोरचा रस्ता दिसत नाही. त्या निळ्यासाठी ज्याचा डोळा मुद्दाम निळा होतो, त्याच्या डोळ्यात फूल पाडायचं, औषध शोधायला. मी त्या कागदांवर सही केली आहे. परत विचारलं तर परत करेन. पण सही करताना मला सर्जा दिसला होता.

एप्रिलमध्ये मी आजींना फोन केला. नंबर त्यांनीच दिला होता. मी विचारलं, तुम्हाला एक जनावर किती वेळा पकडता येईल, खरं सांगा, आमच्यासाठी म्हणून सांगू नका. त्या जरा थांबल्या, मागे कुत्रं भुंकत होतं. म्हणल्या, "एकदा. हिवाळा बरा असेल तर दोनदा." मी वासराचं विचारलं. त्याचा डोळा फुटला होता, नंतर सुकला. एका डोळ्यावर जगतंय, म्हणल्या, आंधळ्या बाजूला आईला धरून चालतं.

मी तो आकडा वहीच्या नव्या पानावर लिहिला आणि प्रयोग बदलला. आता औषध तीन दिवस वाटीत ठेवत नाही. एकदा घालते, एक तास ठेवते, मग काढून टाकते, तीन वेळा धुते, स्वच्छ गुलाबी पाणी घालते आणि बघत बसते की विषाणू किती तासांनी परत डोकं वर काढतो. काही ओळींत तो दुसऱ्या दिवशीच येतो. त्या ओळी मी खोडते, त्यांचे आकडे कितीही देखणे असले तरी. माझ्या वरिष्ठांचं म्हणणं होतं की आधी ठरलेली पद्धत पूर्ण करू, हे नंतर बघू, आणि त्यांचंही बरोबर होतं, म्हणून मी दोन्ही करते, दिवसा त्यांचं आणि संध्याकाळी हे.

काल संध्याकाळी साडेसहाला मी ताटल्या धुवून परत उबवणीत ठेवल्या, दार लावलं आणि घरी फोन लावला. तिकडे दहा वाजले होते. दादांचा डोळा या पावसाळ्यात परत थोडा लाल झालाय. आईने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, त्यामुळे मला अर्धं छत आणि दादांची वर केलेली हनुवटी दिसत होती, आणि मग आईचा हात आला, अंगठ्याने पापणी खाली ओढणारा, आता जरा थरथरणारा. दादा म्हणाले, तुझ्या त्या हरणांचं काय झालं गं. म्हणलं, परवा सकाळी कळेल. आई म्हणाली, बोलू नका, हलतंय. मग म्हणाली, मिटा आता, चोळू नका.